चाळिशीनंतरची सायकल : आधी मुळी, मग शेंडा



मागील अंकात बेणेप्रक्रियेविषयी लिहिले होते. या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते, पण विषय बदलला आहे. तो का बदलला ते आधी सांगतो.

गेल्या गळीत हंगामात आमच्या शेतकी खात्यातला एक सहकारी गेला. वय ४९. सकाळी गटात फिरून तोडणीच्या नोंदी करून आला, चहा घेतला, छातीत जळजळतंय म्हणाला. पित्त असेल म्हणून आम्हीच त्याला पित्ताची पुडी दिली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. 'आपण दिवसभर शेतातच असतो, आपल्याला निराळा व्यायाम कशाला?' असं तो नेहमी म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणत होतो.

त्यानंतर महिनाभराने कारखान्यावर आरोग्य तपासणी शिबिर झाले. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. 'साखर पोत्यात असावी, रक्तात नको,' असं तपासणारे डॉक्टर हसत म्हणाले. मला काही हसू आलं नाही. घरी येऊन माळ्यावरची सायकल खाली काढली. पुढच्या सात-आठ महिन्यांत जे चुकलो, जे वाचले आणि जे अनुभवले, ते या लेखात मांडतो आहे. शिबिरात ज्यांच्या कागदावर लाल शाईने खुणा झाल्या, त्यांपैकी बरेच जण मला वाटेत गाठून विचारतात. सर्वांना एकदमच उत्तर दिलेले बरे.

शेतात असणे आणि शेतात राबणे

आपल्या वडिलांच्या पिढीचे शेत आणि आपले शेत यांत फरक पडला आहे. ते मोटेमागे चालले, पाटाचे पाणी दारे धरून रात्रभर पाजले, डोक्यावरून बेणे वाहिले, आठ-दहा मैलांवरच्या कारखान्याला सायकलवर आले. आपण बांधापर्यंत मोटारसायकलने जातो, मोटार घरातून मोबाईलवर सुरू करतो, ठिबकचा कॉक फिरवतो, नांगरट आणि बांधणी ट्रॅक्टर करतो. दिवस शेतात जातो हे खरे, पण छातीचा भाता हलत नाही. उन्हात उभे राहिल्याने घाम येतो, त्याला व्यायाम म्हणता येत नाही.

याचा पुरावा फार जुना आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. दोघेही एकाच बसवर, एकाच रस्त्यावर, जवळपास एकाच परिस्थितीतले. फरक इतकाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत वर-खाली जिने चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. आता आपण स्वतःलाच विचारावे, आपण आज चालक झालो की वाहक?

माझी चूक

सायकल काढल्यावर मी पहिली चूक केली ती सर्वांचीच होते. गावातली कॉलेजची पोरं पहाटे सायकली घेऊन जातात, त्यांच्यात मी सामील झालो. पहिल्या दिवशी त्यांच्या मागे लागून सहा किलोमीटर गेलो तेव्हा जीभ बाहेर. दुसऱ्या आठवड्यात खिंडीच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरला. महिनाभर रोज मरेस्तोवर सायकल मारून वेग तिळभर वाढला नाही. उलट दिवसभर अंग मोडून यायचे आणि भूक दुप्पट लागायची.

त्याच चढावर रोज सकाळी एक दूध घालणारे तात्या भेटायचे. वय साठीच्या पुढे, जुनी काळी सायकल, मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. मी फुसफुसत उतरून सायकल हातात धरून चाललेलो असायचो आणि तात्या एका लयीत पायडल मारत, 'काय साहेब, बरं हाय न्हवं?' असं विचारून पुढं निघून जायचे. विचारताना त्यांचा श्वास तुटत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सगळी किल्ली त्यातच होती.

तात्यांनी चाळीस वर्षांत एकदाही शर्यत लावली नव्हती. रोज सावकाश, पण रोज. त्यांचा पाया झाला होता. माझा पाया नव्हता आणि मी माडी चढवायला निघालो होतो.

आपण उसात काय करतो? आडसाली लावली की पहिल्याच दिवशी सगळा नत्र ओतत नाही. लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला उरलेला चाळीस टक्के, असे चार हप्ते करतो. कारण सुरुवातीला मुळीच नाही तर खत घेणार कोण? ते निचऱ्यावाटे जाते. शरीराचेही तसेच आहे. जोराचा व्यायाम म्हणजे खताचा मोठा हप्ता. तो पचवायला आधी मुळी पसरावी लागते.

दमाचा पाया म्हणजे काय

तालमीत ज्याला दमसास म्हणतात, त्याचेच हे शास्त्र. स्नायूंना काम करायला इंधन लागते. इंधने मुख्यतः दोन : चरबी आणि साखर. साखर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली असते. ती साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आतबाहेर. जोर लावला तर दीड-दोन तासांत संपते. चरबीचा साठा मात्र मोठा. सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या अंगावरही दहा-पंधरा किलो असतेच, आणि पंधरा किलो चरबी म्हणजे एक लाखाहून अधिक कॅलरी. गोदाम भरलेले आहे, अडचण आहे ती माल बाहेर काढण्याची.

चरबी जळते ती फक्त प्राणवायूच्या साहाय्याने. साखर दोन्ही प्रकारे वापरता येते, प्राणवायूसह आणि त्याच्याशिवाय. पण उताऱ्यात केवढा फरक पडतो पाहा. साखरेच्या एका रेणूपासून प्राणवायूसह सुमारे ३० ते ३२ एकके ऊर्जा मिळते, प्राणवायूशिवाय केवळ २. आपल्या बॉयलरचे उदाहरण घ्या. बगॅसला पुरेशी हवा मिळाली तर ज्वाला स्वच्छ आणि वाफ भरपूर. हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर, बगॅस मात्र ढिगाने संपते. जिवाच्या आकांताने सायकल मारणारा नवशिका माणूस म्हणजे काळा धूर सोडणारा बॉयलर. त्याच्या रक्तात लॅक्टेट साचू लागते, श्वास चढतो, पाय जड होतात आणि थोड्याच वेळात थांबावे लागते.

तेव्हा दमाचा पाया घालणे म्हणजे बॉयलरची हवा वाढवणे. सावकाश, पण दीर्घकाळ सायकल चालवल्याने शरीरात चार फेरफार होतात.

पहिला हृदयात. हृदयाचे कप्पे अधिक भरू लागतात आणि एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडते. तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात, म्हणून विश्रांतीची नाडीही उतरते.

दुसरा केशवाहिन्यांत. स्नायूंच्या धाग्यांभोवती रक्ताच्या बारीक वाहिन्यांचे जाळे दाट होते. ठिबकच्या उपनळ्या वाढवल्या की पाणी मुळाशी सगळीकडे पोचते, तसाच हा प्रकार.

तिसरा पेशीत. इंधन जाळण्याचे काम पेशीतल्या तंतुकणिका करतात. शाळेच्या पुस्तकात मुलांना हे असते. अमेरिकेतील जॉन होलोझी यांनी १९६७ साली दाखवले की पट्ट्यावर नियमित धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची जाळण्याची क्षमता न धावणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. पुढे माणसांतही ही वाढ दिसून आली.

चौथा इंधनाच्या निवडीत. तेवढ्याच वेगाला शरीर साखर कमी आणि चरबी जास्त वापरू लागते. स्नायू रक्तातली साखरही अधिक सहजपणे ओढून घेतात. माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला हा चौथा फेरफार सर्वांत मोलाचा.

आता कोणी म्हणेल, हे फक्त हौशी लोकांचे. तसे नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. त्यांनी आपल्या धावपटूंना आधी कित्येक आठवडे लांब अंतर पळवले, आठवड्याला शंभर मैल, मग वेगाचा सराव. ८०० मीटरवाल्यालाही तेच. लोक हसले. पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक जिंकले. आधी पाया, मग वेग हा क्रम तेव्हापासून जगभर मानला गेला.

वय झाले, आता काय उपयोग?

हा प्रश्न मला हमखास येतो. तिशीनंतर बसून राहणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नियमित व्यायाम करणाऱ्याची घसरण त्याहून बरीच कमी, काहींच्या बाबतीत निम्म्यावर येते. म्हणजे उतार सर्वांनाच आहे, ब्रेक लावणे आपल्या हाती आहे.

फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांचे उदाहरण तर ऐकण्यासारखे आहे. जन्म १९११ चा. वयाच्या शंभराव्या वर्षी, २०१२ मध्ये, ते बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २४ किलोमीटरहून थोडे अधिक गेले. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, एका तासात जवळजवळ २७ किलोमीटर! शंभरीनंतर वेग वाढला. त्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी नोंदवले की मधल्या दोन वर्षांत ते वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर चालवत आणि त्यांतले ऐंशी टक्के हलक्या जोराने, वीस टक्के जोरात. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १०१ ते १०३ या वयात सुमारे तेरा टक्क्यांनी वाढली. मार्शां २०२१ साली वारले. आपल्या पंचेचाळीस-पन्नाशीला उशीर झाला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडचेच सांगायचे तर नाशिकचे डॉक्टर बंधू महेंद्र आणि हितेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. दोघेही व्यवसाय सांभाळून सायकल चालवणारे गृहस्थ. आपल्याला तेवढे करायचे नाही, पण नोकरी-धंदा करणाऱ्याला हे जमत नाही असे म्हणायला जागा उरत नाही.

वेग कसा ठरवावा

सर्वांत सोपी कसोटी तात्यांची. चालवताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. एखादा अभंग म्हणून पाहावा. आरामात गाता आला तर जोर थोडा कमी आहे. बोलता येते पण गाताना धाप लागते, तो वेग बरोबर. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. एवढी एक कसोटी पाळली तरी पुष्कळ झाले.

ज्यांना आकडा हवा त्यांनी नाडी मोजावी. थांबल्याबरोबर मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. आजकाल मनगटावरची घड्याळेही नाडी दाखवतात. कमाल नाडीचा ढोबळ अंदाज असा : वयाला ०.७ ने गुणावे आणि ते २०८ मधून वजा करावे. त्याच्या ६५ ते ७५ टक्के ही आपली पायाभरणीची पट्टी. वय ४० असेल तर मिनिटाला ११७ ते १३५ ठोके. ४५ ला ११५ ते १३२. ५० ला ११२ ते १३०. ५५ ला ११० ते १२७. ६० ला १०८ ते १२५. हा अंदाज आहे, माणसामाणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच दबते. अशांनी आकडा सोडून बोलण्याची कसोटीच धरावी.

पहिल्यांदा या पट्टीत चालवाल तेव्हा लाज वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. शाळेच्या पोरी पुढे जातील. चढ आला की उतरावे लागेल. मी खिंडीचा चढ पहिले दोन महिने चालतच चढलो. पारावरच्या मंडळींनी 'साहेब, पेट्रोल संपलं काय?' म्हणून विचारलंही. विचारू द्यावे. जमिनीखाली मुळी वाढत असते तेव्हा वरून काहीच दिसत नाही, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

सोळा आठवड्यांचे वेळापत्रक

आपल्याला सोयीचा काळ म्हणजे मृगापासून बॉयलरच्या अग्निप्रदीपनापर्यंतचा. साधारण सोळा आठवडे मिळतात. पावसाची झोड असेल त्या दिवशी सुट्टी. त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट चालवून करू नये.

आठवडा १ ते ४ : आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे. किलोमीटर मोजू नयेत, मिनिटे मोजावीत.

आठवडा ५ ते ८ : तीन दिवस ४० मिनिटे आणि रविवारी एक लांब फेरी, सव्वा तासाची.

आठवडा ९ ते १२ : तीन दिवस ५० मिनिटे आणि रविवारी १०० मिनिटे.

आठवडा १३ ते १६ : वरीलप्रमाणेच, पण मधल्या एका दिवशी जोराचा सराव. दहा मिनिटे सावकाश, मग चार मिनिटे जोरात आणि तीन मिनिटे सावकाश असे तीन-चार फेरे, शेवटी दहा मिनिटे सावकाश. हाच तो मोठ्या बांधणीचा हप्ता. तो शेवटीच द्यायचा.

प्रत्येक चौथ्या आठवड्यात एकूण वेळ एक-तृतीयांशाने कमी करावा. चाळिशीनंतर श्रम सोसतात, पण भरून यायला वेळ लागतो. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, गुडघ्याच्या शिरा-बंध मागून येतात. माझा गुडघा याच घाईत बिघडला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. वरील वेळापत्रक पाचव्या आठवड्यापासून त्यात बसते. त्याच संघटनेने आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. वयाबरोबर स्नायू झडतात आणि सायकल तेवढ्यापुरती पुरी पडत नाही. तालमीतले जोर आणि बैठका आठवाव्यात; दहा-दहापासून सुरुवात पुरे.

कमी वेळात जोराचा व्यायाम केला तरी दम वाढतो, असेही अभ्यास आहेत आणि ते खोटे नाहीत. पण वीस वर्षे बसून राहिलेल्या, वजन वाढलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी तो मार्ग धरणे जोखमीचे. शिवाय तो रोज करवत नाही. सावकाश सायकल रोज चालवता येते, आणि जे रोज होते तेच टिकते.

सायकल आणि बैठक

महागडी सायकल लागत नाही. घरातली काळी सायकल सपाट रस्त्याला पुरते. गिअरची असेल तर चढाला बरे. मुलीला शाळेला जायला मिळालेली सायकल अनेक घरांत आहे. घरातील भगिनींनी सकाळी तीच वापरावी. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतही हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून हा लेख केवळ पुरुष सभासदांसाठी समजू नये.

सीटची उंची मात्र नीट करावी. बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली असले, तर पाय सरळ व्हावा. मग प्रत्यक्ष चालवताना चवड्याने पायडल मारले की गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते, गुडघे दुखण्याचे ते मोठे कारण. जड गिअर रेटू नये. पायडलचे फेरे मिनिटाला सत्तर-ऐंशी पडतील असा हलका गिअर ठेवावा. चाकांत हवा पुरती असावी आणि साखळीला तेल.

मोजणी ठेवा

उतारा मोजल्याशिवाय ऊस चांगला की वाईट कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच नाडीने चालवून वेळ लिहून ठेवावा. मी गट ऑफिसपासून कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन-येऊन १२ किलोमीटर धरले आणि नाडी १३० च्या वर जाऊ दिली नाही. पहिल्या महिन्यात ५२ मिनिटे लागली. दुसऱ्या महिन्यात ५१. वाटलं, सोडून द्यावं. तिसऱ्या महिन्यात ४७ आणि पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला ४३. ठोके तेवढेच आणि वेग ताशी चौदापेक्षा कमी होता तो साडेसोळावर गेला. सकाळची अंथरुणातली नाडी ७८ होती, ती ६६ वर आली. साखर ६.२ वरून ५.८ झाली. याचे सगळे श्रेय सायकलीला देत नाही. चहातली साखरही निम्मी केली आहे. चेअरमनसाहेबांनी याबद्दल रागावू नये.

पहिले सहा-आठ आठवडे काही फरक दिसत नाही. बहुतेक जण तिथेच सोडतात. उगवण झाल्यावर फुटवे दिसेपर्यंत आपण जो धीर धरतो, तोच इथे धरावा. पोट लगेच उतरेल अशीही आशा नको. ते जेवणाच्या ताटाशी अधिक बांधलेले आहे.

हंगामात काय करावे

गळीत सुरू झाले की तोडणी, वाहतूक, रात्रीचे फोन यांत नियम मोडतो, हे मला ठाऊक आहे. पूर्ण बंद केले तर दोन-तीन आठवड्यांतच दम उतरू लागतो. म्हणून हंगामात आठवड्यातून दोन फेऱ्या तरी टिकवाव्यात, त्यांतली एक थोडी जोराची. कमावलेले बरेचसे टिकते.

मात्र हंगामात अंधारात रस्त्यावर जाऊ नये. मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेला ऊस आणि वाढ्यांवरून घसरणारे चाक, हे मी रोज पाहतो. उजाडल्यावर निघावे, सायकलला मागे लाल दिवा आणि चकाकणारी पट्टी हवीच. ट्रॅक्टर-मालक सभासदांनाही या निमित्ताने विनंती की ट्रॉलीच्या मागे चकाकणारी पट्टी लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

आधी तपासणी

चाळिशी उलटलेल्यांपैकी ज्यांना मधुमेह, रक्तदाब आहे, जे तंबाखू खातात किंवा बिडी ओढतात, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून हृदयाचा आलेख काढून घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकाएकी खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची चिन्हे. त्यांनी डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात करावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. आपल्याकडे तिची टंचाई नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी, सोबत पाणी. ताप असताना सायकल नको.

आणि शेवटचे, पण मी सर्वांत आधी लिहायला हवे होते ते. छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीत जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, यांपैकी काही झाले तर पित्त म्हणून पुडी घेऊन बसू नये. तडक दवाखाना गाठावा, स्वतः गाडी चालवत नव्हे. आमच्याकडून त्या दिवशी ही चूक झाली. अजून ती मनातून जात नाही.

असो. पुढच्या मृगाला आम्ही शेतकी खात्यातले पाच जण वरील वेळापत्रकाप्रमाणे सुरुवात करणार आहोत. नाशिक-पुण्याकडून सायकलीवर पंढरपूरला जाणारी मंडळी अलीकडे पुष्कळ झाली आहेत. आपल्यालाही दसऱ्यानंतर, कारखाना सुरू होण्यापूर्वी, एक फेरी पांडुरंगापर्यंत करता येईल असा विचार आहे, शर्यत न लावता, बोलत बोलत. ज्या सभासदांना यायचे असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव द्यावे. येताना डॉक्टरांचा कागद आणावा. नवी सायकल घेण्याची गरज नाही.

तात्या अजूनही चढावर भेटतात. हल्ली मी सायकलवरून उतरत नाही आणि 'बरं हाय' असं उत्तर दम न लागता देतो. पुढे मात्र तेच जातात.

खोडव्यावरचा लेख पुढील अंकात.

आपला,
ऊस विकास अधिकारी